मेथीच्या कुंडीतली आठ अंडी

आमच्या मंडळात माझी ओळख 'अंडेवाल्या काकू' अशी करून देतात. नवीन आलेल्या मुलींना वाटतं, मी डबे करून देत असेन आणि अंडाकरी माझी खासियत असेल. मग सांगावं लागतं की बाई गं, मी अंडी शिजवत नव्हते, अंड्यांना तेल लावत होते. आतला जीव वाढू नये म्हणून लावत होते. हे ऐकल्यावर समोरची बटाटावडा खाता खाता थांबते आणि हवापाण्याचा विषय काढते. यंदा अंकाच्या संपादकांनी 'काकू, तुमच्या कामावर लिहाच' असा लकडा लावला, तेव्हा मी म्हटलं, दिवाळीत लोकांना गोडधोड वाचायचं असतं. ते म्हणाले, गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. तेव्हा नाही आवडलं तर त्यांना धरा.

मी मूळची भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. नागपूरला जनावरांची डॉक्टर झाले, दोन वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशींची अडलेली बाळंतपणं केली, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आले. इथे माझी पदवी चालेना. पुन्हा सगळ्या परीक्षा द्यायच्या, तर मुलं लहान; आणि मुलं मोठी झाली तेव्हा माझी उमेद राहिली नव्हती. शेवटी वसाहतींच्या तळ्यांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

आमच्याकडे घरं बांधायच्या आधी तळं खणतात. दिसायला ते शोभेचं असतं, मध्ये कारंजं, कडेला पळायची वाट. पण त्याचं खरं काम वादळी पावसाचं पाणी पोटात घ्यायचं. त्यातलं शेवाळ काढायचं, मासे मेले तर का मेले ते बघायचं, मगर आली तर योग्य माणसाला फोन करायचा, ही आमची कामं. आणि पाण्यावरचे पक्षी माझ्याकडे. त्यातही मुख्यतः एकच पक्षी, इजिप्शियन गूज.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या फोनमध्ये त्याचा फोटो असेल. तपकिरी अंग, लांब गुलाबी पाय, आणि डोळ्याभोवती गडद डाग, चष्मा लावल्यासारखा. नावात गूज असलं तरी तो खरा हंस नाही. आपल्या चक्रवाकाच्या कुळातला आहे. सहारा वाळवंटाच्या खाली जवळजवळ सगळ्या आफ्रिकेत तो भरपूर आहे, नाईल नदीच्या काठी तर फार जुन्या काळापासून. तिथे त्याच्या अस्तित्वाची काळजी कोणी करत नाही, उलट शेतकरी गव्हाच्या कोवळ्या पातीवरून त्याला हाकलत असतात. इकडे कोणीतरी हौसेने बागेत पाळायला आणला, तो उडाला, आणि आमची तळी त्याला मानवली. वर्षभर हिरवं गवत, उथळ पाणी, शिकारी कमी. नर-मादी जोडी धरतात ती सहसा टिकते, आणि पिल्लं दोघं मिळून वाढवतात. नर घशातल्या घशात फुसफुसतो, मादी कर्णा वाजवल्यासारखी ओरडते. पिल्लं असताना दोघांच्या वाटेला जाऊ नये. कुत्री माघार घेतात, माणसांचं सोडाच.

एकदा आम्ही केनियाला फिरायला गेलो होतो. नवरा सिंह शोधत होता, मी नदीकाठी याच पक्ष्याची जोडी बघत बसले. एका झाडावर दुसऱ्या पक्ष्याने काटक्यांचं मोठं घर बांधलं होतं, त्याच्या छपरावर मादी अंडी घेऊन बसली होती. खाली मगरी होत्या, वर गरुड फिरत होता. दुसऱ्या एका जोडीबरोबर दोनच पिल्लं उरलेली दिसली. वाटाड्या म्हणाला, सुरुवातीला आठ होती. तिथे तो मला मुळीच मुजोर वाटला नाही. तिथल्या मारणाऱ्यांच्या हिशोबाने त्याची अंडी ठरलेली होती, आणि आम्ही त्याला मारणारे मागे ठेवून नुसता तोच उचलून आणला होता.

आता कोणीतरी म्हणणार, 'काकू, आपणही बाहेरूनच आलो की.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. आपण व्हिसा काढून आलो, कर भरतो, आणि या पक्ष्यासारखी शेजाऱ्याची पोरं पाण्यात बुडवत नाही. पक्ष्याला यातलं काही सांगता येत नाही. त्याच्याशी आपली बरोबरी करून गोड वाटून घेणं मला कधी जमलं नाही.

तेल लावायचं म्हणजे काय, ते सांगते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून आतला जीव श्वास घेतो. हातमोजे घालून साधं मक्याचं तेल चोळलं की ती बुजतात आणि वाढ थांबते. अंडी फोडली तर मादी पुन्हा घालते. तेल लावलेल्या अंड्यांवर मात्र ती बसून राहते, आणि हंगाम निघून जातो. त्याआधी अंडं पाण्यात सोडून बघायचं. बुडून तळाला आडवं पडलं तर ताजं. वर तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलेलं आहे, तेव्हा त्याला हात लावायचा नाही, जसं आहे तसं परत ठेवायचं. हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा नियम. पहिल्या दिवसांत आत नुसत्या रक्ताच्या रेघा असतात, दुखायला काही तयार झालेलं नसतं. नंतर तसं म्हणता येत नाही.

हे मला शिकवलं रॉजरने. रॉजर आमच्या कंपनीतला म्हातारा टेक्सन, मूळचा सुतार. त्याचा जीव इथल्याच एका बदकात होता. हे बदक म्हणजे आपली जी अडई भंडाऱ्याच्या तलावांवर शीळ घालत उडते, तिची इथली बहीण, लाल चोचीची आणि काळ्या पोटाची. ती झाडाच्या ढोलीत अंडी घालते. वसाहतींनी जुनी झाडं पाडली, म्हणून रॉजरने सुट्टीच्या दिवशी लाकडी पेट्या करून तळ्यात खांबांवर बसवल्या होत्या. मी त्याला सांगितलं की माझ्या गावाकडे हिला अडई म्हणतात, तेव्हापासून तोही 'अडाय' म्हणायला लागला. मीही सुधारायच्या भानगडीत पडले नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! एका वसाहतीच्या अध्यक्षबाईंना पक्षी हवे होते, फक्त त्यांनी वाटेवर घाण करू नये एवढीच त्यांची अट होती. एक निवृत्त डॉक्टर काका रोज सकाळी तूप लावलेली पोळी कुस्करून पिल्लांना घालायचे. अशा खाण्याने पिल्लांच्या पंखांची टोकं बाहेर वळतात आणि ती कधी उडत नाहीत, असं आम्ही मानतो. मी सांगायला गेले तर म्हणाले, 'अहो, मी चाळीस वर्षं माणसं बरी केली.' मी म्हटलं, 'काका, माणसांना उडायचं नसतं.' त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत, पण पोळी बंद झाली.

ही सगळी हसायची गोष्ट झाली. मला लिहायचं आहे ते वेगळंच.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका अपार्टमेंट इमारतीच्या मॅनेजमेंटचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जोडीने घर केलं होतं आणि नर खाली पार्किंगमध्ये माणसांवर धावून जात होता. पत्ता बघितला, आडनाव मराठी. दार अमेयने उघडलं. पुण्याचा, तिशीतला, सॉफ्टवेअरमध्ये.

"काकू, प्लीज लवकर करून टाका," तो दारातच म्हणाला. "मॅनेजमेंटच्या दोन ईमेल आल्यात. काल खालच्या फ्लोअरवरच्या आजोबांना त्या मेल गूजने चेस केलं, ते पडले. आता पुढे लीजचा इश्यू करतील, यार."

आत सोफ्यावर त्याची बायको श्रुती डाव्या कुशीवर पडून होती. सातवा महिना, डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलेलं. शेजारी तिची आई बसली होती, बाळंतपणासाठी कराडहून आलेली. वसुधाताई त्यांचं नाव. बाल्कनीत लांबट कुंडीत वसुधाताईंनी आल्या आल्या मेथी पेरली होती, ती हातभर होण्याआधीच मादीने सपाट करून त्यात स्वतःच्या पोटाची पिसं अंथरली होती. आठ अंडी होती.

मी माझ्या सवयीप्रमाणे सगळ्यांना आधी नीट समजावलं. पाणी, बुडणं, तरंगणं, तेल. एकाने उघडी छत्री मादीपुढे ढालीसारखी धरायची, तोवर दुसऱ्याने अंडी हाताळायची. अमेय छत्री घ्यायला पुढे झाला.

"अमेय हात लावणार नाही," वसुधाताई म्हणाल्या.

"आई, प्लीज. इट्स जस्ट एग्ज."

"घरात बायकोला दिवस गेलेले असताना नवऱ्याने जीव मारायचा नसतो."

अमेयने माझ्याकडे पाहिलं, तुम्हीच सांगा अशा अर्थाने. मी काही बोलायच्या आत वसुधाताई मला बाजूला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"डॉक्टर, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ग्रहणाच्या दिवशी मुलांना मैदानात नेऊन चष्म्यातून ग्रहण दाखवायचे. गावातल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन सांगायचे की काही होत नाही, बाहेर या, भाजी चिरा. हे सगळं खोटं आहे हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण याआधी दोनदा गेलंय हो तिचं. दुसरं तर पाचव्या महिन्यात, मी इथे होते तेव्हा. आता कळून उपयोग होत नाही."

मी म्हटलं, "ताई, मारणारी मी आहे. तुमच्या घरचं कोणी नाही."

"घर माझ्या लेकीचं आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर श्रुतीने सगळं ऐकलेलं होतं. "काकू, आईचं मनावर घेऊ नका. डू युअर जॉब, आय मीन इट," ती म्हणाली. आणि मी बाल्कनीचं दार सरकवताना तिने विचारलं, "त्यांना दुखतं का?"

"नाही. एवढ्यात नाही."

शेवटी छत्री वसुधाताईंनीच धरली. मादी पंख पसरून किंचाळत होती, चोच छत्रीच्या कापडावर आपटत होती, आणि खाली पार्किंगमधून नर उत्तर देत होता. मी एक अंडं काढलं, ऊबदार होतं. बरणीतल्या पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं आणि आडवं पडलं.

वसुधाताई बरणीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही, हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं.

"उशीर झालाय," मी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "तरंगलं. आता हात लावता येणार नाही."

त्यांनी बरणीत हात घालून अंडं बाहेर काढलं, आपल्या ओढणीला पुसलं आणि परत कुंडीत ठेवलं. कागदावर मी लिहिलं, 'वाढ पुढे गेलेली, उपचार केला नाही', आणि सही केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली ती ही एकच.

त्या कुटुंबाची दया आली म्हणून केलं, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. पुढे काही वाईट झालं असतं तर त्या बाईला जन्मभर माझे तेलाचे हात आठवले असते, आणि मला ते नको होतं. मला चांगली बाई म्हणून त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

मार्चमध्ये वसुधाताईंचा फोन आला, "डॉक्टर, या लवकर, फुटली!" आठांपैकी सात फुटली होती. अमेयने खाली पार्किंगमध्ये घरातल्या सगळ्या रजया अंथरल्या होत्या. मादी उडून खाली उतरली आणि हाका मारू लागली. एका दिवसाची पिल्लं, लिंबाएवढी, कुंडीच्या काठावरून बाल्कनीच्या गजांमधून एकेक करून खाली उड्या टाकायला लागली. वजन एवढं कमी असतं की पडली तरी उसळतात आणि चालू लागतात. मी रस्त्यावर उभी राहून गाड्या थांबवल्या. सात पिल्लं रांगेत इमारतीमागच्या तळ्याकडे गेली. वर खिडकीत श्रुती, उठायची मनाई असूनही, उभी होती, एका हातात फोन आणि दुसरा पोटावर. तेव्हा मला जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही.

एप्रिलमध्ये श्रुतीला मुलगी झाली, ईरा. बाळ-बाळंतीण सुखरूप. बारशाला मला खास बोलावून वसुधाताईंनी माझी ओटी भरली. निघताना त्यांनी एक लाडू जास्त बांधून दिला. जुलैमध्ये त्या कराडला परत गेल्या.

दरम्यान तळ्यावर पिल्लं सातांची पाच झाली. दोन बहुधा कासवांनी ओढली. उरलेल्या पाचांच्या पायात मी पिवळी कडी घातली, आमच्या मोजणीसाठी. आईबापांनी तळ्याचा पूर्वेकडचा अख्खा काठ ताब्यात घेतला होता. रॉजरच्या दोन पेट्या नेमक्या त्याच काठाला होत्या.

जूनमधल्या एका सकाळी रॉजरचा फोन आला. मी पोचले तेव्हा तो आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता, टोपी मांडीवर. एका पेटीतून अडईची पिल्लं नुकतीच पाण्यात उतरली होती, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. गूजच्या नराने त्यांच्यावर झडप घातली होती. एकेक पिल्लू धरून पाण्याखाली दाबलं होतं. अडई भोवती शीळ घालत घिरट्या घालत होती, तिच्या हाती काही नव्हतं. रॉजरने दगड मारले, पाण्यात उतरला, तोवर आटोपलं होतं. त्याची पँट कमरेपर्यंत ओली होती. काठावर त्याने नऊ पिल्लं ओळीने ठेवली होती.

"ही जोडी त्या बाल्कनीतली," तो म्हणाला. "तुझ्या कागदावर आहे की अंडी तरंगली. खरंच तरंगली होती?"

इथे मला अजून एक खोटं बोलता आलं असतं. त्याने विश्वासच ठेवला असता.

"नाही," मी म्हटलं. "तळाला गेलं होतं."

त्याने का म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, बाळाचं, आजीचं, आमच्यातल्या समजुतीचं.

"मला तेव्हा फोन करायचास," तो म्हणाला. "मी पिल्लं झाल्यावर सगळं कुटुंबच उचलून दुसरीकडे नेता येतंय का बघितलं असतं. या पेट्यांपासून तरी लांब. आपण काहीतरी केलं असतं. पण मला माहीतच नव्हतं." मग टोपी घालून उठला. "कागद दुरुस्त कर. आणि पुढे यांना पकडायची वेळ आली, तर तू हजर राहायचंस."

कागद दुरुस्त केला. कंपनीने मला लेखी समज दिली आणि एक हंगाम अंड्यांच्या कामावरून काढलं. साहेबांच्या रागाचं मला काही वाटलं नाही. रॉजरने त्यानंतर माझा प्रत्येक कागद सही करायच्या आधी पुन्हा वाचायला सुरुवात केली, ते मात्र लागलं.

दोन वर्षांत तळ्यावर गूजची संख्या इतकी झाली की रहिवाशांच्या सभेत भांडणं पेटली. कोणी म्हणे राहू द्या, कोणी म्हणे मुलांना चालता येत नाही. शेवटी ठराव झाला की पक्षी काढायचे. इथले नसल्यामुळे त्यांना कायद्याचं संरक्षण नाही, आणि घ्यायला कोणी तयार नाही. काढायचे म्हणजे मारायचे. उन्हाळ्यात त्यांची पंखांतली मोठी पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हाच पकडतात.

अमेय-श्रुती तोवर मिशिगनला, नोव्हायला गेले होते. अमेयला तिथल्या मोटार कंपनीत काम मिळालं होतं. त्यांनी हे बघितलं नाही याचं मला बरं वाटलं.

जुलैतल्या सकाळी उजाडताच आम्ही गवतावर नारिंगी जाळीचं कुंपण उभं केलं. तळ्यातून दोघांनी छोट्या होड्यांनी हाकलत आणलं. पक्षी पाण्यातून बाहेर येऊन चालत, काही पळत, कुंपणात शिरले. उडायचा प्रयत्न करणाऱ्यांचे पंख नुसते हलत होते. गाडीच्या मागे, ज्यात घालून मारायचं ती वायूची पेटी होती. रॉजरने मला काही सांगितलं नाही, मीच पुढे झाले. कुंपणात पिवळ्या कड्यांचे चार पक्षी सापडले. पाचवा कुठे गेला कोणास ठाऊक. ते चारही मी स्वतः उचलले, एका वेळी एक, पंख काखेत दाबून. असा पक्षी धरला की त्याचं काळीज आपल्या बोटांना लागतं. पहिला मला चावला, खूण अजून आहे. शेवटचा मुकाट आला, तो जास्त जड गेला.

त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा त्याला म्हटलं, यांना मीच मारायचं होतं तर तेव्हाच का नाही मारलं.

पुढच्या उन्हाळ्यात पूर्वेच्या दोन्ही पेट्यांतून अडईची पिल्लं उतरली आणि मोठी झाली. रॉजरने फोन करून मला आकडा सांगितला. म्हणजे जे केलं ते बरोबर होतं. हे मी आजही म्हणते आणि नीट विचार करून म्हणते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वसुधाताईंचा फोन आला. त्या लेकीकडे नोव्हायला आल्या होत्या. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, ईरा आता किती बोलते ते झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, आपली पिल्लं कशी आहेत? श्रुतीने तो उड्यांचा व्हिडिओ जपून ठेवलाय. ईरा रोज बघते."

उडून गेली, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पक्ष्यांच्या बाबतीत ते कोणालाही पटतं.

"ताई, ती नाहीत," मी म्हटलं. "पक्षी फार झाले होते. आम्ही पकडून मारले. त्यांतली चार माझ्या हातची."

मग त्यांनी शाळेत विचारावं तसं विचारलं, "किती वेळ लागतो?"

"एकेकाला मिनिटभर."

"कळतं त्यांना?"

"धरल्यापासून कळतं."

"आणि अंड्यात?"

"तेव्हा काहीच कळलं नसतं. कळायला आत कोणी तयारच नव्हतं."

मी नऊ पिल्लांचंही सांगितलं, अडईच्या. एकदा सांगायचं तर अर्धं कशाला.

"म्हणजे मी त्यांना कळण्याइतकं मोठं होऊ दिलं," त्या म्हणाल्या. "आणि ती दुसरी नऊ."

"आपण दोघींनी, ताई. सही माझी होती."

"पुन्हा तशी वेळ आली," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "श्रुतीला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. मी तेच करेन हो, डॉक्टर. हे सगळं ऐकूनसुद्धा मी तेच करेन."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "मी नाही करणार, ताई."

"नका करू," त्या म्हणाल्या.

मागून ईराची हाक आली, "आजी, व्हिडिओ लाव ना, जंपिंगवाला!" तिने पुन्हा हाक मारली.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "लावा तिला."